वाचकांचे प्रश्न : हातातला जीपीएस रिसीव्हर पीडीएला जोडताना

हातात मावणारा जीपीएस रिसीव्हर आणि खिशात मावणारा डिजिटल ऑर्गनायझर, म्हणजेच पीडीए, ही दोन यंत्रे एकमेकांना जोडण्याविषयी या वेळी इतके प्रश्न आले आहेत की संपूर्ण सदर याच विषयाला देणे योग्य वाटले. ही यंत्रे आता जुनी झाली असली, तरी ज्यांच्याकडे ती सुस्थितीत आहेत त्यांना ती टाकून द्यावीशी वाटत नाहीत आणि तसे वाटण्याला कारण आहे. रिसीव्हर दिवसभर साध्या सेलवर चालतो, पावसाधुळीला दाद देत नाही आणि आपले स्थान अचूक सांगतो, पण त्याचा पडदा लहान असतो आणि त्यावर चार अक्षरे लिहायची म्हटली तरी बटणांशी झटावे लागते. पीडीएचा पडदा मोठा असतो, त्यावर लेखणीने लिहिता येते, नकाशा ठेवता येतो आणि प्रत्येक ठिकाणची नोंद तिथल्या तिथे करता येते. या दोघांची जोडी जमली की निरीक्षणाची वही आणि नकाशा एकाच हातात येतो.

प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेले असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. रिसीव्हरमधून नेमके काय बाहेर पडत आहे हे पाहण्याआधीच पीडीएमधल्या नकाशाच्या प्रोग्रॅमला दोष दिला जातो. म्हणून पुढील उत्तरांत मी पुन्हा पुन्हा त्या मूळ मजकुराकडे वळणार आहे.

प्रश्न : माझ्याकडे गार्मिनचा ईट्रेक्स रिसीव्हर आणि पाम थ्री हा पीडीए आहे. रिसीव्हरची केबल आणि पामचे क्रेडल (पीडीए संगणकाला जोडण्यासाठी ज्यावर बसवतात तो तळ) ही दोन्ही संगणकाला लावली असता उत्तम चालतात. दोन्हींच्या टोकाला नऊ छिद्रांचे कनेक्टर असल्यामुळे मी मध्ये दोन्ही बाजूंना पिना असलेला जोड बसवला, परंतु पामवर काहीच येत नाही. केबल खराब असेल का?

उत्तर : दोन्ही केबली संगणकावर चालतात असे आपणच लिहिले आहे, त्यामुळे त्या चांगल्या आहेत असे धरून चालावे. दोष जोडणीच्या रचनेत आहे आणि तो समजून घेतला तर पुढची बरीच दगदग वाचेल.

सिरियल जोडणीत, म्हणजे एकाच तारेवरून एकामागून एक बिट पाठवणाऱ्या या जोडणीत, आपल्याला खरे तर तीनच तारा लागतात. एक पाठवण्याची, एक घेण्याची आणि एक सामाईक, जिला ग्राउंड म्हणतात. संगणकाच्या नऊ पिनांच्या पोर्टवर २ क्रमांकाची पिन घेण्यासाठी, ३ क्रमांकाची पाठवण्यासाठी आणि ५ क्रमांकाची ग्राउंडसाठी असते. रिसीव्हरची केबल संगणकासाठी बनवलेली असल्याने रिसीव्हर जे पाठवतो ते २ क्रमांकावर येते, कारण संगणक तिथेच ऐकत असतो. पामचे क्रेडलही संगणकासाठीच बनवलेले असल्याने पाम जे पाठवतो तेही २ क्रमांकावरच येते. आपण मध्ये सरळ जोड बसवला तेव्हा दोन्ही यंत्रांच्या पाठवण्याच्या तारा एकमेकींना भिडल्या आणि दोन्हींच्या ऐकण्याच्या तारा एकमेकींना भिडल्या, म्हणजे दोघेही एकाच तारेवर बोलत राहिले आणि दुसऱ्या तारेवर दोघेही नुसते ऐकत राहिले. यामुळे यंत्राचे सहसा नुकसान होत नाही, कारण आरएस-२३२ या मानकानुसार पाठवणारी बाजू असा प्रसंग सहन करण्याइतकी मजबूत ठेवलेली असते. तरीही ती जोडणी तशीच ठेवून वारंवार प्रयत्न करीत राहण्यात अर्थ नाही.

यावर उपाय म्हणजे २ आणि ३ या तारांची अदलाबदल करणारा जोड, ज्याला बाजारात नल मोडेम अडॅप्टर म्हणतात. तो दोन्ही बाजूंना पिना असलेला मिळाला तर एकच जोड पुरतो, अन्यथा आपल्याकडचा पिनांचा जोड आणि नल मोडेम अडॅप्टर असे दोन्ही एकापुढे एक लावावे लागतील. ज्यांचा सोल्डरिंगवर हात बसला आहे त्यांनी दोन मेल, म्हणजे पिना असलेले, कनेक्टर घेऊन एकीकडची २ दुसरीकडच्या ३ ला, ३ दुसरीकडच्या २ ला आणि ५ ही ५ ला जोडावी. हा तुकडा बोटभर लांबीचा होतो आणि पिशवीत कमी जागा घेतो. आणखी एक मार्ग असा की पामसाठी मोडेमची स्वतंत्र केबल येत असे, तिच्यात ही अदलाबदल आधीच केलेली असते. अशी केबल हाती आली तर नल मोडेम अडॅप्टर लावू नये, नाहीतर अदलाबदल दोनदा होऊन आपण पुन्हा मूळ अडचणीपाशी याल.

जोडणी बरोबर झाल्यावर रिसीव्हरला कोणत्या भाषेत बोलायचे ते सांगावे लागते. ईट्रेक्सच्या सेटअपमध्ये इंटरफेस नावाचे पान आहे, तिथे मुळात गार्मिन हा पर्याय निवडलेला असतो. ती कंपनीची स्वतःची पद्धत आहे आणि संगणकाशी खुणेची ठिकाणे व माग यांची देवघेव करण्यासाठी ती उपयोगी पडते. चालू स्थान सतत हवे असेल तर तिथे एनएमईए निवडावे. एनएमईए ०१८३ हे मानक मुळात जहाजांवरील उपकरणांसाठी तयार झाले आणि जवळजवळ प्रत्येक नकाशा-प्रोग्रॅमला ते समजते. त्याचा ठरलेला वेग ४८०० बॉड, म्हणजे सेकंदाला ४८०० बिट, आहे, डेटा बिट ८, पॅरिटी नाही आणि स्टॉप बिट १. हेच आकडे पीडीएच्या प्रोग्रॅममध्ये जसेच्या तसे भरावेत. फ्लो कंट्रोल किंवा हँडशेक असा पर्याय दिसला तर तो बंद ठेवावा, कारण आपल्या तीन तारांत त्यासाठीची तारच नाही आणि तो चालू राहिला तर प्रोग्रॅम कधीही न येणाऱ्या इशाऱ्याची वाट पाहत बसतो.

प्रश्न : जोडणी, वेग, सगळे तपासले. तरीही पीडीएवरचा प्रोग्रॅम ‘जीपीएस सापडला नाही’ एवढेच सांगतो. दोष कुठे आहे हे ओळखण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर : आहे, आणि तिच्यासाठी कोणतेही महाग उपकरण लागत नाही. ‘सापडला नाही’ या एका वाक्याखाली निदान चार वेगवेगळे दोष दडलेले असू शकतात. नकाशाचा प्रोग्रॅम त्यांच्यात भेद करीत नाही, म्हणून तो काही काळ बाजूला ठेवावा आणि पीडीएवर एखादा साधा टर्मिनल प्रोग्रॅम घालावा. पोर्टवर जे येईल ते जसेच्या तसे पडद्यावर दाखवणे एवढेच टर्मिनलचे काम असते. पामवर सेटस जीपीएस हा विनामूल्य प्रोग्रॅमही या कामी चांगला आहे, कारण तो आलेली माहिती उलगडून दाखवतो आणि त्याला नकाशाची गरज नसते.

टर्मिनल उघडून दोन-चार सेकंद थांबावे. पडदा पूर्ण कोरा राहिला तर वीज, तार किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी अडले आहे. अशा वेळी आधी पीडीएची बाजू एकटी तपासावी. रिसीव्हर काढून टाकावा आणि केबलच्या मोकळ्या टोकाशी २ आणि ३ या पिना एका बारीक तारेने एकमेकींना जोडाव्यात. आता टर्मिनलमध्ये लिहिलेले प्रत्येक अक्षर पोर्टमधून बाहेर जाऊन लगेच परत यायला हवे. ते परत आले तर पीडीए, त्याचे पोर्ट आणि त्याची केबल हे सगळे निर्दोष आहे आणि शोध रिसीव्हरच्या बाजूला वळवता येतो. मात्र टर्मिनलची ‘लोकल एको’ ही सोय आधी बंद करावी, कारण ती चालू असताना अक्षर पोर्टमधून न जाताही पडद्यावर उमटते आणि निष्कर्ष चुकतो. अक्षर परत आलेच नाही, तर पोर्ट दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात आहे का ते पाहावे. पामवर हॉटसिंक, पॉकेट पीसी या प्रकारच्या पीडीएवर ॲक्टिव्हसिंक आणि सायन सीरिज फाइव्ह या पीडीएवर रिमोट लिंक ही सोय संगणकाशी जुळवून घेण्यासाठी पोर्ट अडवून ठेवू शकते. सायनवर रिमोट लिंक बंद केल्याखेरीज रिसीव्हरचा एक शब्दही आत येत नाही.

पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा सडा पडत असेल तर ती खरे तर चांगली बातमी आहे, कारण तार जोडलेली आहे आणि रिसीव्हर बोलत आहे. बहुतेक वेळा अशा वेळी वेग जुळलेला नसतो. गार्मिनच्या स्वतःच्या पद्धतीचा वेग ९६०० बॉड असतो आणि ब्लूटूथच्या अनेक रिसीव्हरांचा आतला वेग ३८४०० असतो, म्हणून ४८००, ९६०० आणि ३८४०० हे तिन्ही वेग लावून पाहावेत. कोणत्याही वेगाला अर्थ लागत नसेल तर एक तर रिसीव्हर एनएमईए सोडून दुसऱ्या पद्धतीने बोलत आहे, नाहीतर विद्युत पातळी उलटी आहे. याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. आरएस-२३२ मध्ये उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. हातातले बरेच रिसीव्हर उणे व्होल्टेज तयारच करीत नाहीत, ते शून्य आणि साधारण ५ व्होल्ट यांवर काम भागवतात. प्रत्यक्षात घेणाऱ्या चिपा एक-दीड व्होल्टच्या आसपास निर्णय घेत असल्याने हे बहुधा चालून जाते. परंतु सुटे जीपीएस मॉड्यूल ३.३ व्होल्टची लॉजिक पातळी देते आणि तिची दिशा आरएस-२३२ च्या उलट असते. ते थेट जोडले तर कचराच दिसणार. त्यासाठी मध्ये पातळी बदलणारी चिप लागते. हाच प्रश्न दुसऱ्या टोकालाही येतो. काही पीडीएंच्या तळाच्या कनेक्टरवर लॉजिक पातळीच असते आणि पातळी बदलणारी चिप केबलमध्ये किंवा क्रेडलमध्ये दडलेली असते, म्हणून क्रेडल उघडून तारा थेट पीडीएच्या पिनांना जोडण्याचा मोह टाळावा. अधिक १२ व्होल्ट त्या पिनेवर गेले तर पीडीए कायमचा निकामी होऊ शकतो.

आता समजा, पडद्यावर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या, स्वल्पविरामांनी तोडलेल्या नीटस ओळी दिसू लागल्या. इथे तारांचे काम संपले आणि वाचनाचे सुरू झाले. ओळीच्या आरंभीचे जीपी हे जीपीएसचे, पुढची तीन अक्षरे ओळीच्या प्रकाराची. त्यांतल्या दोन ओळी ओळखता आल्या तरी पुरे आहे. आरएमसी या ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा आणि तारीख असते. जीजीए या ओळीत वेळ, स्थान, वापरात असलेल्या उपग्रहांची संख्या आणि समुद्रसपाटीपासूनची उंची असते. आरएमसीमध्ये वेळेनंतर लगेच एकच अक्षर येते. ते इंग्रजी ए असेल तर स्थान वैध आहे आणि व्ही असेल तर रिसीव्हरला अजून पुरेसे उपग्रह मिळालेले नाहीत. ‘जीपीएस सापडला नाही’ असे ज्यांनी लिहिले आहे त्यांच्यापैकी अनेकांच्या पडद्यावर व्ही दिसेल असा माझा अंदाज आहे, कारण ही जोडणी आपण साहजिकच टेबलावर, छताखाली करतो आणि तिथे आकाश दिसत नाही. काही प्रोग्रॅम व्ही असलेली ओळ सरळ टाकून देतात आणि रिसीव्हरच नाही असे सांगतात.

अशा वेळी दोन्ही यंत्रे उघड्यावर न्यावीत आणि धीर धरावा. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा नेमका तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, पण सर्व उपग्रहांचा मिळून जो ढोबळ तक्ता असतो तो पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. कपाटात काही वर्षे पडून राहिलेल्या किंवा शेकडो किलोमीटर दूर नेलेल्या रिसीव्हरला पहिल्या दिवशी एवढा वेळ द्यावा. एकदा तक्ता मिळाला की पुढच्या वेळी तो लवकर स्थिरावतो.

ओळीच्या शेवटी ताऱ्याचे चिन्ह आणि त्यानंतर दोन अक्षरी संख्या असते. तिला चेकसम म्हणतात. डॉलर आणि तारा यांच्यामधल्या सर्व अक्षरांवर एक्सॉर ही बिटांची क्रिया करून ती काढलेली असते आणि ती जुळली नाही तर प्रोग्रॅम ती ओळ नाकारतो. अधूनमधून ओळी तुटत असतील, एकात एक मिसळत असतील तर चेकसम जुळत नाही आणि नकाशावरची खूण अडखळत पुढे सरकते. याचे कारण बहुधा सैल कनेक्टरात सापडते. दुसरेही एक कारण संभवते. ४८०० बॉडला सेकंदाला ४८० अक्षरे जातात आणि एनएमईएची एक ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची असू शकते, म्हणजे सेकंदाला पूर्ण लांबीच्या पाच-सहाच ओळी मावतात. रिसीव्हरवर ओळींचे प्रकार निवडता येत असतील तर आरएमसी आणि जीजीए ठेवून बाकीचे बंद करावेत.

प्रश्न : मी टर्मिनलमधून आलेले आकडे पीडीएच्या तक्त्यात स्वतः भरतो. रिसीव्हरच्या पडद्यावर स्थान बरोबर दिसते, पण माझ्या तक्त्यावरून काढलेला बिंदू वीसेक किलोमीटर दूर पडतो. शिवाय एका जुन्या छापील नकाशाच्या प्रतीवर सर्वच बिंदू काहीशे मीटर एकाच दिशेला सरकलेले दिसतात.

उत्तर : हे दोन निरनिराळे दोष आहेत आणि आपण ते वेगळे ठेवून लिहिलेत याचा फार उपयोग झाला.

पहिला दोष आकड्यांच्या वाचनातला आहे. एनएमईएमध्ये अक्षांश ४५३०.०००० असा आला तर त्याचा अर्थ ४५ अंश आणि ३०.०००० मिनिटे असा होतो, म्हणजे दशांश अंशांत ४५.५. आपण त्याला १०० ने भागून ४५.३० धरले असणार. फरक ०.२ अंशांचा झाला आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असल्याने बिंदू २२ किलोमीटर हलला. दशांशचिन्हाआधीचे शेवटचे दोन अंक आणि त्यापुढचे सर्व मिळून मिनिटे होतात, त्यांना ६० ने भागून अंशांत मिळवावे. रेखांशात अंशांसाठी तीन अंक असतात हे विसरू नये. जाता जाता सांगतो, आरएमसीमधला वेग नॉटमध्ये असतो, त्याला १.८५२ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात आणि वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेची असते.

दुसरा दोष नकाशाच्या आधाराचा आहे. पृथ्वीचा आकार आणि तिचे केंद्र कसे मानायचे याचे जे गणिती गृहीतक असते त्याला डेटम म्हणतात. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम वापरतो, पण जुने छापील नकाशे त्याआधीच्या प्रादेशिक डेटमवर आखलेले असतात. उदाहरणार्थ, एव्हरेस्ट डेटम १८३० साली मांडलेल्या आकारमानावर उभा आहे. त्यामुळे एकाच अक्षांश-रेखांशाचा बिंदू दोन नकाशांवर काहीशे मीटरच्या अंतराने पडू शकतो आणि सर्वच बिंदू एका दिशेला सरकलेले दिसणे ही त्याची स्पष्ट खूण आहे. रिसीव्हर डब्ल्यूजीएस ८४ वरच ठेवावा आणि रूपांतर पीडीएवरील नकाशाच्या प्रोग्रॅमला करू द्यावे. दोन्हीकडे बदल केला तर सुधारणा दोनदा होते. काही रिसीव्हर पडद्यावर निवडलेला डेटमच एनएमईएच्या ओळींतही वापरतात, म्हणून ही काळजी घ्यावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नकाशाच्या कडेला डेटमचे नाव छापलेले असते, ते पीडीएच्या नोंदीत आधी उतरवून ठेवावे.

प्रश्न : माझा रिसीव्हर यूएसबीचा आहे आणि पीडीएलाही यूएसबी आहे. दोन्हींच्या मध्ये योग्य टोकांची केबल बनवून घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, टोके कितीही नीट जुळवली तरी. सिरियल जोडणीत दोन्ही बाजू समान असतात, यूएसबीत मात्र एक बाजू यजमान आणि दुसरी साधन असावी लागते, आणि देवघेवीची प्रत्येक सुरुवात यजमानच करतो. पीडीए आणि रिसीव्हर हे दोन्ही संगणकाला जोडण्यासाठी बनवलेले असल्याने दोन्ही साधनेच आहेत. दोघेही विचारणा होण्याची वाट पाहत राहतात. यजमान होऊ शकणारे पीडीए थोडेच होते आणि त्यांतही त्या रिसीव्हरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलू शकणारा प्रोग्रॅम, लागतो. त्यातून गार्मिनच्या जुन्या हातातल्या रिसीव्हरांच्या यूएसबीवर एनएमईए येतच नाही, तिथे कंपनीची स्वतःची पद्धत चालते.

आपल्या रिसीव्हरला यूएसबीशिवाय सिरियलचे वेगळे तोंड आहे का ते आधी पाहावे. जीपीएसमॅप ६० च्या मालिकेत ही दोन्ही तोंडे आहेत आणि एनएमईए त्यांतल्या गोल तोंडातून मिळतो. पीडीएच्या बाजूलाही अशी शक्यता असते. २००१ मध्ये आलेल्या पाम एम५०० मालिकेच्या तळाच्या कनेक्टरवर यूएसबी आणि सिरियल अशा दोन्हींच्या पिना आहेत, त्यामुळे क्रेडल यूएसबीचे असले तरी सिरियल केबल वेगळी मिळवता येते.

दोन्ही बाजूंना सिरियल नसेल आणि पीडीएमध्ये ब्लूटूथ असेल, तर ब्लूटूथचा स्वतंत्र छोटा रिसीव्हर घेणे हा सरळ मार्ग आहे. ब्लूटूथची सिरियल पोर्ट प्रोफाइल नावाची सोय बिनतारी असूनही प्रोग्रॅमला साध्या सिरियल पोर्टसारखीच दिसते, त्यामुळे वर सांगितलेली टर्मिनलची तपासणी इथेही तशीच लागू पडते. दोन यंत्रांची ओळख करून देताना विचारला जाणारा क्रमांक बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. पॉकेट पीसीवर ब्लूटूथसाठी बाहेर जाणारे पोर्ट कोणत्या क्रमांकाचे नेमले गेले ते पाहून तोच क्रमांक नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये द्यावा. एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम वापरू शकतो, त्यामुळे टर्मिनल बंद केल्याशिवाय नकाशा उघडू नये. २००५ मध्ये आलेल्या विंडोज मोबाइल ५.० मध्ये मात्र एकाच रिसीव्हरची माहिती अनेक प्रोग्रॅमांना वाटून देण्याची सोय प्रणालीतच आहे.

प्रश्न : जुना रिसीव्हर जोडल्यावर पीडीएचे घड्याळ त्यावरून लावले, तर तारीख जवळजवळ वीस वर्षे मागे गेली आणि माझ्या सर्व नोंदींचा क्रम बिघडला. रिसीव्हर बिघडला आहे का?

उत्तर : रिसीव्हर बिघडलेला नाही आणि तो दाखवत असलेले स्थान विश्वासार्ह आहे. जीपीएस उपग्रह तारीख सांगताना आठवड्याचा क्रमांक पाठवतात. ६ जानेवारी १९८० पासून मोजलेल्या या क्रमांकासाठी मूळ संदेशात दहाच बिट ठेवलेली असल्याने तो ० ते १०२३ एवढाच जातो आणि पुन्हा ० वर येतो. असे २१ ऑगस्ट १९९९ च्या आणि ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री घडले. आपण कितव्या फेरीत आहोत हे रिसीव्हरच्या आतल्या प्रोग्रॅमला स्वतः ठरवावे लागते आणि जुन्या यंत्रांना ते ठरवता येत नाही. काही यंत्रांत ही उडी त्यांच्या आतल्या प्रोग्रॅमच्या रचनेप्रमाणे निराळ्याच दिवशी दिसते.

फरक अगदी १०२४ आठवड्यांचा, म्हणजे ७१६८ दिवसांचा असतो. वार आणि वेळ बरोबर येतात, तारीख तेवढी चुकते. नोंदी आधीच बिघडल्या असतील तर त्या तक्त्यात नेऊन प्रत्येक तारखेत ७१६८ दिवस मिळवावेत, म्हणजे क्रम पूर्ववत होईल. यापुढे पीडीएच्या प्रोग्रॅममधील ‘जीपीएसवरून घड्याळ लावा’ हा पर्याय बंद ठेवावा आणि नोंदीची तारीख पीडीएच्या स्वतःच्या घड्याळावरून घ्यावी.

प्रश्न : सतत जोडून ठेवले की पीडीएचे सेल फार लवकर संपतात. शिवाय मला प्रत्येक क्षणाचे स्थान नको आहे, खुणेची ठिकाणे पीडीएत उतरवून घेता आली तरी पुरे. काय करावे?

उत्तर : सिरियल पोर्ट उघडे राहिले की त्याची चिप सतत वीज घेते आणि प्रोग्रॅम पीडीएला झोपूही देत नाही, त्यामुळे सेल लवकर संपणे स्वाभाविक आहे. चालताना जोडून ठेवण्याऐवजी थांबल्यावर जोडावे, स्थान घ्यावे आणि प्रोग्रॅममधून पोर्ट बंद करावे. केबल काढली म्हणजे पोर्ट बंद झाले असे समजू नये. गाडीच्या विजेवर रिसीव्हर चालवणाऱ्यांनी त्याच्या पुस्तिकेतील व्होल्टेज आधी वाचावे, कारण काही रिसीव्हर गाडीचे १२ व्होल्ट थेट घेतात आणि काहींना जेमतेम ३ व्होल्टच चालतात. डेटा आणि वीज एकाच कनेक्टरातून जात असल्याने हातून बनवलेल्या केबलीत या दोन तारांची गल्लत झाली तर नुकसान मोठे होते. अशी केबल रिसीव्हरला लावण्याआधी प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासावी.

खुणेची ठिकाणेच हवी असतील तर आपला विचार मला अधिक पटतो. रिसीव्हर एकटाच वापरावा, दिवसभर ठिकाणे त्याच्यातच साठवावीत आणि संध्याकाळी एकदाच जोडणी करावी. यासाठी एनएमईए उपयोगाचा नाही, कारण तो चालू स्थान सांगतो आणि साठवलेली यादी मागवण्याची सोय त्यात जवळजवळ नसते. गार्मिन असेल तर इंटरफेस पुन्हा गार्मिनवर न्यावा आणि ती पद्धत समजणारा प्रोग्रॅम पीडीएवर घ्यावा. यात दोन्ही बाजूंना बोलावे लागते, म्हणून पाठवण्याची आणि घेण्याची अशा दोन्ही तारा शाबूत हव्यात. केवळ एनएमईए ऐकण्यासाठी दोन तारांवर भागवलेली केबल इथे अडते. संगणक जवळ असेल तर जीपीएसबेबल या विनामूल्य प्रोग्रॅमने रिसीव्हरमधली यादी काढून जीपीएक्स स्वरूपात ठेवावी आणि तीवरून पीडीएच्या प्रोग्रॅमला लागणारे स्वरूप तयार करावे. जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल असते, त्यामुळे रूपांतरात एखादे ठिकाण गळले तर ती उघडून डोळ्यांनीच पडताळता येते. जुने रिसीव्हर ठिकाणाच्या नावात थोडीच अक्षरे ठेवतात, तेव्हा रिसीव्हरवर नुसता क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढचे सविस्तर वर्णन पीडीएच्या नोंदीत लिहावे. याद्या एकत्र करताना हाच क्रमांक दोन्हींना जोडतो, म्हणून तो रिसीव्हरमध्ये पुन्हा वापरला जाणार नाही याची खबरदारी घ्यावी.